गाईच्या तुपातले बटाटे

"बटाटा तर चालतो," वन्सं म्हणाल्या.

माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. रस्त्यापलीकडे एक अरुंद दुकान होतं. त्याची खिडकी रस्त्यावर उघडत होती आणि तळणाचा वास थेट आमच्या बाकापर्यंत येत होता. वन्सं त्या खिडकीकडे बघत होत्या. जरीकाठी साडी, वर सौमित्रचा निळा स्वेटर, पायांत लोकरी मोजे आणि त्याने मुद्दाम घेऊन दिलेले पांढरे बूट, अशा अवतारात त्या हॉलंडमधल्या डेन बॉश नावाच्या गावात कालव्याकाठी बसल्या होत्या. आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच बाहेरचं काही खायची इच्छा मी त्यांच्या तोंडून ऐकत होते.

वन्सं म्हणजे इंदुमती, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून माहेरी, साताऱ्यात. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा स्वयंपाकघर त्यांचं होतं आणि पुढेही त्यांचंच राहिलं. मी मालवणकडची, मासे खाऊन वाढलेली. नवऱ्याने मला पसंत केलं म्हणून घराने मला सोसलं. पहिली दोन वर्षं माझं ताट-वाटी वेगळं होतं. नंतर वन्संनी ते आपण होऊन मोडीत घातलं, पण देवाच्या नैवेद्याला माझा हात कधी लागू दिला नाही. मी विमा कंपनीत नोकरी करायचे. सकाळी त्यांनी भरलेला डबा घेऊन जायचे आणि संध्याकाळी तो घासून त्यांच्या पुढ्यात ठेवायचे. भांडण म्हणाल तर आमचं कधीच झालं नाही, भांडायलासुद्धा थोडी बरोबरी लागते.

सौमित्र, माझा मुलगा, तेव्हा आइंडहोवनला नोकरीला लागला होता. त्याने आम्हा दोघांना बोलावलं. ह्यांनी विमानाची धास्ती घेतली आणि पाय मागे घेतला. तेव्हा सौमित्र म्हणाला, मग आत्याला घेऊन ये. मी ऑफिसात असायचे तेव्हा त्याला वन्संनीच वाढवलेला. मला विचारलं असतं तर मी एकटीच गेले असते, पण मला कोणी विचारलं नाही.

तो एप्रिल महिन्यातला गुरुवार होता. सौमित्रला सुट्टी नव्हती. वीसच मिनिटांचा प्रवास आहे, मोठं चर्च आहे, कालवे आहेत, बघून या, असं म्हणून त्याने आम्हाला सकाळी गाडीत बसवून दिलं. वन्संचा गुरुवारचा उपास. त्यांनी पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी केली, स्टीलच्या डब्यात भरली, डबा कापडी पिशवीत घातला आणि पिशवी माझ्याकडे दिली. मी ती गाडीत खिडकीजवळच्या आकड्याला अडकवली आणि तिथेच विसरले. आम्ही फलाटावर उतरलो, गाडी सुटली, आणि मग माझ्या लक्षात आलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण वन्सं नुसत्या गेलेल्या गाडीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "असू दे. एक दिवस निघेल."

तो काही निघेना. चर्चमध्ये त्या आल्या नाहीत, बाहेर वाऱ्यात उभ्या राहिल्या. एक वाजता त्यांना घेरी आल्यासारखं झालं. रक्तदाबाची गोळी अनशापोटी घेतलेली. मी त्यांना बाकावर बसवलं आणि केळी आणते म्हणाले. "केळी नकोत गं," त्या म्हणाल्या, "पोटात नुसता गारठा भरलाय. काहीतरी ऊन पाहिजे." आणि मग तो वास आला.

"बटाटा तर चालतो," त्या पुन्हा म्हणाल्या. "मीठही चालतं. तेल तेवढं कसलं ते विचारून ये. शेंगदाण्याचं असलं तर आण. आणि त्यातच आणखी काही तळत असतील तर नको."

ही खास आपली पद्धत. उपासाला बटाटा चालतो. वांगं चालत नाही, कांदा चालत नाही, बटाटा चालतो. तो कुठल्या मुलखातून आला, कोणी आणला, ह्याची चौकशी आपण कधी केली नाही. बाहेर देशात गेलं की आपली माणसं दुकानांत त्यालाच शोधतात.

मी रस्ता ओलांडून गेले. वन्संही मागोमाग आल्या, पण आत नाही. त्या फुटपाथवर काचेशी उभ्या राहिल्या. आत मांसाच्या सुरळ्या आणि वडे मांडलेले दिसत होते. त्यांच्याकडे नजर जाऊ नये म्हणून त्या पदर नाकाला लावून फक्त कढयांकडे बघत होत्या.

दुकान जेमतेम आठ-दहा फुटांचं. साठीची एक बाई, लाल गालांची, हातांवर भाजल्याच्या जुन्या डागांचे पांढरे ठिपके. ती भिंतीला ठोकलेल्या लोखंडी यंत्रात एकेक सोललेला बटाटा ठेवायची आणि दांडा खाली ओढायची, की खाली टोपल्यात जाड फोडी पडायच्या. मागे दोन कढया होत्या, खोल, चौकोनी. मी इंग्रजीत विचारलं, हे बटाटे वेगळे तळता का? ती म्हणाली, अर्थात, ही कढई फक्त बटाट्याची, दुसरं काही त्यात घातलं तर माझे वडील वरून खाली येतील. तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे एका माणसाचा फोटो होता, पांढरा एप्रन, हातात झारा.

मग मी विचारलं, तेल कुठलं?

ती हसली. तेल नाही, म्हणाली. तेल आता सगळे वापरतात, स्वस्त पडतं. आम्ही जुन्या पद्धतीने करतो. तिने फळीवरची एक पांढरी वडी उचलून मला दाखवली, विटेएवढी, कागदात अर्धी गुंडाळलेली. तिचं डच नाव सांगितलं. मला कळलं नाही असं बघून तिने इंग्रजीत सांगितलं. गोमांसाची चरबी. बैलाची, गाईची. तिच्याशिवाय ही चव येत नाही. माझे वडील असंच करायचे आणि मीही असंच करते.

मी मागे वळून बघितलं. वन्संनी काचेवर हात टेकला होता. काचेच्या कोपऱ्यात एक रंगीत चित्र चिकटवलेलं होतं, गाईचं तोंड, शिंगं, गळ्यात घंटा. वन्सं त्या चित्राकडे बघत होत्या, मग बाईच्या हातातल्या पांढऱ्या वडीकडे. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. त्यांनी उघड्या खिडकीतून मला हाक मारली.

"प्रमिला, अगं ते तूप आहे होय? गाईचं चित्र लावलंय बघ. आपल्याकडे डब्यावर असतं तसं."

आता इथे मला थांबून बाबांचं सांगायला पाहिजे, नाहीतर मी पुढे जे केलं ते नुसतं दुष्टपणाचं वाटेल. दुष्टपणाचं ते होतंच. पण त्याला कारण होतं.

तेरा वर्षांपूर्वी माझे वडील आजारी पडले. मी एकुलती एक, आई कधीच गेलेली. बाबांना मी साताऱ्याला आणलं. अन्ननलिकेचा कॅन्सर होता, डॉक्टरांनी हात टेकले होते. बाहेरच्या खोलीत खाट टाकली. वन्संनी त्यांचं सगळं केलं, ते मी नाकारत नाही. पेज करायच्या, ताक घुसळून द्यायच्या, पाणी कोमट करून ठेवायच्या. पण बाबांना पेज जाईना. आयुष्यभर भाताबरोबर मासळी खाल्लेला माणूस तो. एका रविवारी सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "पमे, बांगड्याचा तिखला करशीत? माका दोन घास भात जायत."

रविवारी साताऱ्याच्या बाजारात बर्फातली मासळी यायची. मी दोन बांगडे आणले. घरात नाही, परसात धुण्याच्या दगडाजवळ स्टोव्ह पेटवला, स्वतःचं पातेलं घेतलं, जे नंतर टाकून देणार होते. मसाला वाटून झाला होता. तेव्हा वन्सं मागच्या दारात आल्या. आरडाओरडा त्यांच्या स्वभावात नव्हता. त्या उंबऱ्यात बसल्या.

"ह्या आवारात मासा शिजला," त्या म्हणाल्या, "तर मी पाण्याचा थेंब घेणार नाही. आज नाही, उद्या नाही. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे."

त्या खरंच बसून राहिल्या. दुपारपर्यंत. चूल पेटली नाही, घरात कोणी जेवलं नाही. अकरा वर्षांचा सौमित्र रडायला लागला. हे मला म्हणाले, जाऊ दे ना प्रमिला, पुढच्या आठवड्यात बाबांना दवाखान्यात हलवणारच आहोत, तिथे दे त्यांना डब्यातून. मी बाबांकडे गेले. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "रवांदे गो. घर तेंचा आसा."

बांगडे मी मागच्या गल्लीत मांजरांना घातले. पुढचा आठवडा काही उजाडला नाही. बाबा त्याच गुरुवारी गेले.

त्या वर्षापासून वन्संनी गुरुवार धरला. सोमवार होताच, एकादशी होती, संकष्टी होती. माझ्या मनात आलं, बाईला आठवडा पुरत नाही. आमचे हे म्हणायचे, दत्ताचा वार आहे, चांगला आहे. मी काही म्हणत नव्हते. पण दर गुरुवारी त्यांना पाटावर बसून वरीचे तांदूळ खाताना बघितलं की मला उंबऱ्यात बसलेल्या वन्सं दिसायच्या. बाबांचा घास ज्या उपासाने तोडला तो उपास त्या माझ्या डोळ्यांसमोर दर आठवड्याला मिरवतात, असं मला वाटायचं. तेरा वर्षं मी ते गिळत होते.

आणि आता त्या काचेपलीकडून विचारत होत्या, तूप आहे होय. दुकानातली बाई हातात ती पांढरी वडी घेऊन उभी होती. भिंतीवर तिचे वडील होते.

"हो वन्सं," मी म्हणाले. "तूपच आहे. गाईचं."

"बघ," त्या म्हणाल्या. "म्हणजे अगदी शुद्ध."

बाईने मला विचारलं, त्यावर काय घालू? अंड्याचं पांढरं सॉस, दाण्याचं सॉस, चिरलेला कांदा? मी म्हणाले, काही नको, नुसतं मीठ. तिने आधी एकदा तळून काढलेल्या फिक्या फोडी पुन्हा त्या चरबीत सोडल्या. त्या सोनेरी होऊन वर आल्या, तिने झारा आपटून निथळवल्या, कागदाचा मोठा कोन करून त्यात भरल्या आणि वर लाकडाचा छोटा काटा खोचला. दोन हवेत का, तिने विचारलं. मी म्हणाले एकच. मी मटण खाते, मासे खाते, पण ते मी खाणार नव्हते.

तेवढ्या वेळात मला सांगता आलं असतं. चांगली पाच-सात मिनिटं होती. मी काय करत होते? मी खूश होते. खोटं कशाला सांगू, इतकी खूश मी लग्नानंतर फार थोड्या वेळा झाले असेन. मी मनात बाबांना सांगत होते, बघा.

आम्ही पुन्हा बाकावर येऊन बसलो. वन्संनी कोन दोन्ही हातांत धरला, हात शेकले. पाण्याचा शिडकावा करायला पाणी नव्हतं, तेव्हा डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काही म्हणाल्या आणि पहिली फोड तोंडात घातली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. गिळेपर्यंत बघत होते.

"अगं," त्या म्हणाल्या, "किती खमंग."

एक खाल्ली, दुसरी खाल्ली. काटा त्यांना जमेना, तो त्यांनी स्वेटरच्या खिशात ठेवला, सौमित्रला दाखवायला. मग हातानेच खायला लागल्या. बाहेरून कुरकुरीत आहे आणि आत अगदी लोण्यासारखं आहे, म्हणाल्या. ह्या लोकांना आपण उगाच नावं ठेवतो, म्हणाल्या. एवढ्या परमुलखात येऊन गाईच्या तुपात तळलेलं मिळावं, डबा गाडीत राहिला तेव्हा वाटलं होतं की आज काही धड नाही. मला म्हणाल्या, तू घे ना. मी म्हणाले, मला भूक नाही. त्यांच्या गालांवर रंग आला. मी त्यांना असं खाताना कधी बघितलं नव्हतं. घरी त्या सगळ्यांचं झाल्यावर बसायच्या आणि पाच मिनिटांत उठायच्या.

कोन अर्धा झाला. समोर कालव्यातून एक नाव गेली, तिच्यातल्या माणसांनी आम्हाला हात केला. वन्संनीही मीठ लागलेला हात वर केला. मग तो हात त्यांनी मांडीवर ठेवला.

"प्रमिला," त्या म्हणाल्या, "एक सांगायचंय. घरी कधी सांगता आलं नसतं. इथे कुणी आपलं नाही म्हणून सांगते."

मी म्हणाले, सांगा.

"हा गुरुवार दत्ताचा नाही."

मला काही कळलं नाही. मी विचारलं, मग कुणाचा?

"तुझ्या वडलांचा," त्या म्हणाल्या.

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. कोनातली एक फोड त्यांनी उगाचच मोडली.

"ते गुरुवारी गेले. तेरावा झाला, पाहुणे गेले, आणि मला जेवण जाईना. ताटावर बसले की ते बोलले ते ऐकू यायचं. घर त्यांचं आहे म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मला काही वाटलं नसतं. मी घर राखत होते गं, मला तसंच वाटत होतं. मरणाऱ्या माणसाच्या तोंडचा घास काढून घर कसलं राखायचं? पण ते कळलं तेव्हा ते गेले होते. गुरुजींना विचारायची सोय नव्हती. काय विचारणार, मासा दिला नाही, त्याला प्रायश्चित्त काय? मग माझं मीच ठरवलं. ज्या वारी ते गेले त्या वारी त्यांच्या नावाने मी उपाशी राहायचं. ह्या उपासाचं जे काही पुण्य असेल ते त्यांना पोचू दे, एवढंच दर गुरुवारी म्हणते. आत्ताही म्हटलं."

मी त्यांच्या हातातल्या कोनाकडे बघितलं.

"तेरा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "एकही मोडला नाही. माझं ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा नाही. आज मोडतोय असं वाटलं होतं. तुला माफ कर म्हणायचं तर तोंड होत नाही माझं, म्हणून हे सांगितलं. तू तुझ्या मनात काय ते समज."

त्यांनी पुढची फोड उचलली.

मी त्यांच्या हातातून कोन काढून घेतला. ओढूनच घेतला म्हणायला पाहिजे, कारण कागद जरा फाटला. "मला द्या," मी म्हणाले, "मला भूक लागली." आणि उरलेले सगळे बटाटे मी खाल्ले. दोन-दोन, तीन-तीन एकदम तोंडात घातले. निवत चालले होते आणि निवल्यावर त्याला एक जड वास येत होता, ओठांना मेण लागल्यासारखं वाटत होतं. मी थांबले नाही. त्यांच्या हातातली ती एक फोडही मी घेतली. तळाचा चुरा खाल्ला.

वन्सं हसायला लागल्या. माझे डोळे भरलेले त्यांना दिसले, पण त्याचं कारण त्यांनी आपल्या परीने लावलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या घरात आल्यापासून हे पहिल्यांदाच.

"भूक लागली होती तर सांगायचं नाही होय?" त्या म्हणाल्या. "वेडीच आहेस. मी मघापासून एकटीच खातेय."

संध्याकाळी सौमित्र ऑफिसातून आला तेव्हा वन्संनी त्याला तो लाकडी काटा दाखवला आणि सगळं रंगवून सांगितलं. ते यंत्र, त्या दोन कढया, ती गाईच्या तुपाची वडी. काचेवरचं गाईचं चित्र. सौमित्रने तो काटा खाली ठेवला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी भाजी चिरत होते, चिरत राहिले. मग तो आत्याला म्हणाला, "छान झालं आत्या. जेवलीस ना पोटभर, मग झालं."

वन्सं अंघोळीला गेल्यावर तो ओट्याशी येऊन उभा राहिला.

"आई, तुला माहीत होतं?"

"काय?"

"तू विचारलं असशील. तू विचारल्याशिवाय काही घेत नाहीस."

"ती बाई काय बोलली ते मला नीट कळलं नाही," मी म्हणाले.

त्या गावातले लोक इंग्रजी किती स्वच्छ बोलतात ते त्याला माहीत होतं. त्याने पुन्हा तो विषय काढला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पण त्या मुलाने त्यानंतर मला मनातलं काही सांगितल्याचं मला आठवत नाही. फोन करतो, पैसे लागतात का विचारतो, तब्येत विचारतो. लग्न ठरवलं तेव्हा आधी आत्याला कळवलं.

वन्सं त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. दर गुरुवारी दुपारी त्या बटाट्याच्या जाड फोडी करून घरच्या तुपात तळायच्या. आधी एकदा फिक्या काढायच्या, मग पुन्हा तळायच्या, त्या बाईसारख्या. एक वाटी स्वतःला, एक मला. मी खायचे. आणि दर गुरुवारी त्या पहिली फोड खाऊन म्हणायच्या, "नाही गं. तिथली चव काही येत नाही. काय घालत असेल ती बाई?" हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगायच्या, शेजारणींना सांगायच्या. गोरी माणसं, पण उपासाचे बटाटे कसे शुद्ध तुपात तळतात. आमच्या प्रमिलाने विचारून खात्री करून घेतली होती, असंही सांगायच्या.

माझ्याशी त्या बदलल्या होत्या. त्या प्रवासातून आल्यावर पहिल्याच चतुर्थीला त्यांनी नैवेद्याचं ताट मला वाढायला सांगितलं. पुढे किल्ल्याही दिल्या. मला हवं ते सगळं पंचवीस वर्षांनी मिळालं आणि मी ते हातात धरून उभी होते.

सांगायचं मी एकदा ठरवलं होतं. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या, शेवटचं वर्ष. खोलीत दोघीच होतो. मी म्हणाले, वन्सं, त्या बटाट्यांचं तुम्हाला काही सांगायचंय. त्यांनी डोळे उघडले. "करतेस?" त्या म्हणाल्या. "आज गुरुवार आहे ना? डॉक्टर उपास नको म्हणतात, पण किती झाले ते तुला ठाऊक आहे? चोवीस वर्षं. एकही मोडला नाही. तेवढं एक माझ्याकडून तुझ्या वडलांचं झालं." मी उठले आणि बटाटे सोलायला घेतले.

त्या माघ महिन्यात गेल्या. त्या गेल्या त्या आठवड्यापासून मी गुरुवार धरला. नाव घ्यायची वेळ येते तेव्हा बाबांचं घ्यावं की वन्संचं, ते अजून मला ठरवता आलेलं नाही. मग मी नुसतीच हात जोडून बसते.

सौमित्र आता पुण्यात आहे, बायको-मुलासकट. मी तिथे गेले की सूनबाई गुरुवारी सकाळी विचारते. परवाही तिने विचारलं, आई, हा उपास कुणाचा हो? तो बाजूलाच पेपर वाचत बसला होता. मी म्हणाले, दत्ताचा.

"मग बटाट्याचं काही करू का?" ती म्हणाली. "उपासाला चालतो ना."

सौमित्रने पेपर खाली केला नाही, पण पान उलटायचा त्याचा हात थांबला.

"नको गं," मी म्हणाले. "मला गॅसेस होतात."